कॉम्पॅक्ट संमिश्र पृष्ठांची विरूपणे: कागदावर करून पाहण्याचा क्रम

नाशिकमध्ये कॉलेज रोड किंवा गंगापूर रोड परिसरात एम.एस्सी. करून पुढे पुण्या-मुंबईच्या संशोधन संस्थांत पीएच.डी.साठी जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एकचल संमिश्र विश्लेषण, टोपॉलॉजी आणि सारण्यांचे बीजगणित चांगले येत असते. पृष्ठाची (म्हणजे दोन संमिश्र मितींच्या अवकाशाची) संमिश्र रचना थोडी थोडी बदलणे म्हणजे विरूपण; त्याच्या कोडाइरा-स्पेन्सर सिद्धांताची पहिली पाने उघडली की मात्र शीफ, कोहोमोलॉजी आणि अडथळे हे सगळे एकदम अंगावर येते. मग एक वाक्य तेवढे पाठ होते: स्पर्श-शीफच्या पहिल्या कोहोमोलॉजीची मिती म्हणजे पृष्ठाच्या प्राचलांची संख्या. हे वाक्य कधी बरोबर ठरते, कधी चूक, आणि नेमके केव्हा काय होते हे सांगण्याची सवय लावणे हा या लेखाचा हेतू आहे. माझे मत असे की शून्यावी, पहिली आणि दुसरी या तिन्ही कोहोमोलॉजींच्या मिती एकत्र मांडल्याशिवाय विरूपणाबद्दल एकही विधान करू नये. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधणाऱ्या कापरेकरांच्या गावात कागद-पेन्सिलीच्या आकडेमोडीची महती वेगळी सांगायला नको. या विषयातही अर्धे काम त्याच वाटेने होते.

लॅटिन अक्षरांऐवजी मी मराठी अक्षरे वापरणार आहे. शीफ म्हणजे प्रत्येक खुल्या तुकड्यावर कोणती क्षेत्रे आहेत याची नोंद, आणि कोहोमोलॉजी म्हणजे ती तुकड्यांवरची क्षेत्रे एकत्र जुळतात की नाही याचा हिशेब. होलोमॉर्फिक स्पर्शसदिश क्षेत्रांच्या शीफला ‘स्पर्श-शीफ’ म्हणू आणि त्याच्या शून्याव्या, पहिल्या व दुसऱ्या कोहोमोलॉजीच्या मितींना ह०, ह१, ह२ असे लिहू. ह० म्हणजे संपूर्ण पृष्ठावर पसरलेल्या होलोमॉर्फिक सदिश क्षेत्रांच्या अवकाशाची मिती, म्हणजेच पृष्ठाच्या स्वयंरूपण-गटाची मिती. ह१ मध्ये पहिल्या क्रमाची, म्हणजे प्राचलात रेषीय असलेली, विरूपणे राहतात. ती विरूपणे पुढे नेताना जे अडथळे येऊ शकतात ते ह२ मध्ये राहतात.

पहिली पायरी: कुल म्हणजे काय आणि त्यात काय बदलत नाही

कॉम्पॅक्ट संमिश्र पृष्ठांचे कुल म्हणजे एक मोठे संमिश्र अवकाश, एक लहान पाया आणि त्यांमधील असे होलोमॉर्फिक चित्रण की ज्याचे विकलन सर्वत्र आच्छादक असते आणि ज्याचा प्रत्येक तंतू (पायाच्या एका बिंदूवरचा भाग) कॉम्पॅक्ट पृष्ठ असतो. एरेसमानच्या प्रमेयानुसार सुरळीत दृष्टीने असे कुल स्थानिक पातळीवर नुसता गुणाकार असतो, म्हणजे जवळजवळचे सगळे तंतू एकमेकांशी डिफिओमॉर्फिक (सुरळीत दृष्टीने एकच) असतात. बदलते ती केवळ संमिश्र रचना. गोधडीचे तुकडे तेच ठेवून शिवण थोडी सरकवावी तसे हे आहे: निर्देशकांचे तुकडे जागच्या जागी राहतात आणि त्यांना जोडणारी सूत्रे प्राचलाबरोबर बदलतात. कुनिहिको कोडाइरा आणि डोनाल्ड स्पेन्सर यांनी १९५८ मध्ये हीच कल्पना पद्धतशीर मांडली. जोडणी-सूत्राचे प्राचलाशी विकलन केले की दोन तुकड्यांच्या छेदावर एक सदिश क्षेत्र मिळते, आणि त्याचा पहिल्या कोहोमोलॉजीतील वर्ग म्हणजेच कोडाइरा-स्पेन्सर वर्ग.

तंतू डिफिओमॉर्फिक असल्यामुळे टोपॉलॉजीवर ठरणारे आकडे कुलात स्थिर राहतात. त्यांपैकी पहिला म्हणजे ऑयलर आकडा. दुसरा म्हणजे कॅनॉनिकल विभाजकाचा (मेरोमॉर्फिक द्वि-रूपाची शून्ये वजा ध्रुव) स्वतःशी छेदांक, ज्याला मी ‘के-वर्ग’ म्हणतो; तो ऑयलर आकड्याची दुप्पट अधिक सिग्नेचरची (दुसऱ्या होमोलॉजीवरील छेद-रूपाच्या धन आणि ऋण चिन्हांच्या संख्यांमधील फरकाची) तिप्पट एवढा असतो, त्यामुळे तोही टोपॉलॉजीचाच. या दोघांवरून होलोमॉर्फिक लक्षणांक (होलोमॉर्फिक फलांच्या शीफच्या कोहोमोलॉजी-मितींची एकाआड एक चिन्हांची बेरीज) मिळतो, कारण नोएथरच्या सूत्रानुसार १२ × लक्षणांक = के-वर्ग + ऑयलर आकडा. कोणतेही पृष्ठ हाती घेतले की हे तीन आकडे वहीच्या वरच्या ओळीत लिहावेत.

दुसरी पायरी: बेरीज-वजाबाकीचे सूत्र

हिरझेब्रुख-रीमान-रॉख प्रमेय स्पर्श-शीफला लावले की ह० − ह१ + ह२ ही राशी (७ × के-वर्ग − ५ × ऑयलर आकडा) ÷ ६ एवढी येते. नोएथरचे सूत्र घालून ऑयलर आकडा काढून टाकला तर ते अधिक सुटसुटीत होते:

ह० − ह१ + ह२ = २ × के-वर्ग − १० × लक्षणांक.

उजवी बाजू कुलात बदलत नाही. डाव्या बाजूचे तिन्ही आकडे वेगवेगळे बदलू शकतात, पण विशिष्ट तंतूवर ते उडी मारून वाढतात, कमी होत नाहीत. यालाच वरची अर्ध-सांतत्यता म्हणतात. शिवाय उडी एकट्याने घेता येत नाही: ह१ वाढला तर ह० किंवा ह२ किंवा दोन्ही मिळून तेवढेच वाढले पाहिजेत, नाहीतर बेरीज जुळणार नाही.

काही पृष्ठांवर सूत्र चालवून पाहू. प्रक्षेपीय प्रतलासाठी के-वर्ग ९ आणि लक्षणांक १ असल्याने उत्तर ८ येते. त्याच्या स्वयंरूपण-गटाची मिती ८ च आहे आणि ह१ व ह२ दोन्ही शून्य आहेत, म्हणून ते पृष्ठ दृढ आहे, म्हणजे त्याची संमिश्र रचना हलवता येत नाही. के-३ पृष्ठासाठी (एकसंबद्ध आणि क्षुल्लक कॅनॉनिकल बंडल असलेले पृष्ठ) के-वर्ग ० आणि लक्षणांक २, म्हणून उत्तर −२०; तेथे ह० आणि ह२ शून्य असल्याने ह१ = २०. द्विमितीय संमिश्र टोरसवर दोन्ही आकडे शून्य आहेत. त्याचे स्पर्श-शीफ दोन क्षुल्लक शीफांची बेरीज असल्याने ह० = २, ह१ = ४, ह२ = २ आणि बेरीज शून्य. शेवटचे उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण पाचव्या पायरीत त्याची गरज लागेल.

ह० आणि ह२ मिळवण्याचे मार्ग वेगळे आहेत. ह० बहुतेक वेळा स्वयंरूपणांवरून कळतो. सामान्य प्रकारच्या पृष्ठावर (ज्याच्या बहु-प्रजाती, म्हणजे कॅनॉनिकल बंडलाच्या घातांवरील होलोमॉर्फिक रूपांच्या मिती, घाताच्या वर्गाइतक्या वेगाने वाढतात) तो नेहमी शून्य असतो, कारण त्याचा स्वयंरूपण-गट सांत असतो. ह२ साठी सेरची द्वैतता वापरावी: कॅनॉनिकल रेषा-बंडलमध्ये मूल्ये घेणाऱ्या होलोमॉर्फिक एक-रूपांच्या अवकाशाची मिती म्हणजे ह२. ह१ सर्वात शेवटी, सूत्रातून काढावा. उलट क्रमाने जाणारे विद्यार्थी विनाकारण अडकतात.

तिसरी पायरी: एक कुल हाताने, अगदी जवळून

आता हिरझेब्रुखची पृष्ठे घेऊ. न हा ऋण नसलेला पूर्णांक धरून ‘हि-न’ या पृष्ठाची व्याख्या अशी आहे: दोन तुकडे घ्यायचे, प्रत्येक तुकडा संमिश्र प्रतल आणि प्रक्षेपीय रेषा यांचा गुणाकार. पहिल्या तुकड्याचे निर्देशक (क, ख), दुसऱ्याचे (ग, घ). क आणि ग प्रतलावरचे, ख आणि घ प्रक्षेपीय रेषेवरचे, म्हणजे त्यांना अनंत हे मूल्यही चालते. जोडणी अशी: क = १ ÷ ग, आणि ख = (ग चा न-वा घात) × घ. हि-० म्हणजे दोन प्रक्षेपीय रेषांचा गुणाकार.

या सगळ्यांसाठी के-वर्ग ८ आणि लक्षणांक १, म्हणजे ह० − ह१ + ह२ = ६. आता न = २ घेऊन जोडणीत त हा प्राचल घालू:

क = १ ÷ ग,
ख = ग²घ + तग.

त = ० असताना हे हि-२ आहे. त शून्य नसताना हे कोणते पृष्ठ आहे? पहिल्या तुकड्यावर ख ऐवजी नवा निर्देशक घ्या: (कख − त) ÷ (तख). दुसऱ्यावर घ ऐवजी घ्या: घ ÷ (तगघ + त²). पहिल्याची सारणी लिहिली तर तिच्या ओळी (क, −त) आणि (त, ०) अशा येतात, निश्चयक त². दुसरीच्या ओळी (१, ०) आणि (तग, त²), निश्चयक पुन्हा त². त शून्य नसल्याने दोन्ही वैध मोबियस बदल आहेत. आता जोडणी घाला. कग = १ असल्यामुळे कख − त = गघ + त − त = गघ, आणि तख = तग(गघ + त). भागाकार केला की ग जातो आणि उरते घ ÷ (तगघ + त²), म्हणजे नेमका दुसरा नवा निर्देशक. दोन्ही नवे निर्देशक समान निघाले, जोडणीत पीळ उरला नाही, आणि पृष्ठ हि-० झाले.

म्हणजे मध्यभागी हि-२ आणि बाकी सर्वत्र हि-०. केवळ मध्यावर पृष्ठाची जात बदलते.

आता याचा कोडाइरा-स्पेन्सर वर्ग. ग आणि घ स्थिर ठेवून ख चे त शी विकलन केले तर ग मिळतो, आणि क चे विकलन शून्य. म्हणून त = ० येथे छेदावरचे सदिश क्षेत्र आहे ग∂ख. हा वर्ग शून्य नाही हे सिद्ध करायचे तर हे क्षेत्र पहिल्या तुकड्यावरचे एक आणि दुसऱ्या तुकड्यावरचे एक अशा दोन होलोमॉर्फिक क्षेत्रांच्या फरकाने लिहिता येत नाही, हे दाखवावे लागते. पहिल्या तुकड्यावर ∂ख चा ख-विरहित सहगुणक क ची घातश्रेणी असतो, म्हणजे ग च्या शून्य किंवा ऋण घातांची. दुसऱ्या तुकड्यावर ∂घ चा घ-विरहित सहगुणक ग ची घातश्रेणी असतो; पण ∂घ = ग²∂ख असल्याने ∂ख च्या भाषेत तो ग च्या दुसऱ्या आणि त्यापुढच्या घातांपासून सुरू होतो. एका बाजूला घात शून्यापर्यंत, दुसऱ्या बाजूला दोनपासून. मधला पहिला घात कुणाच्याच हाती लागत नाही, आणि ग∂ख नेमका त्या फटीत बसतो.

आमच्या रविवारच्या अभ्यासगटात येथे एक शंका हमखास येते, आणि ती रास्त आहे: ख आणि ख² चे सहगुणक, तसेच ∂क ची दिशा, यांतही फटी असतील तर? तपासून पाहा. ख∂ख आणि घ∂घ एकच आहेत, म्हणून तेथे एका बाजूने शून्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूने शून्यापासून सगळे घात मिळतात. ख² च्या सहगुणकात दुसरा तुकडा ग च्या −२ घातापासून सुरू होतो, ∂क च्या दिशेतही −२ पासूनच. दोन्हीकडे फट नाही, उलट घात एकमेकांवर चढतात. ही चढलेली जागाच ह० मध्ये मोजली जाते. म्हणून हि-२ वर ह१ = १, ह२ = ०, आणि सूत्रावरून ह० = ७. हि-० वर मात्र ह० = ६, ह१ = ०. मध्यावर ह१ एकने वाढला आणि त्याची भरपाई ह० ने केली.

हीच मोजणी न साठी केली तर फट ग च्या पहिल्या घातापासून (न−१)-व्या घातापर्यंत पसरते, म्हणून एक किंवा अधिक न साठी ह१ = न − १ आणि ह० = न + ५. जोडणीत त × (ग चा म-वा घात) हे पद घातले आणि म हा न च्या निम्म्याहून जास्त नसला, तर पृष्ठ हि-(न−२म) होते. हि-४ वरून म = १ ने हि-२ वर आणि म = २ ने हि-० वर जाता येते; ही दोन्ही उदाहरणे वहीत पूर्ण करावीत. न ची सम-विषमता मात्र कधीच बदलत नाही. सम न साठी पृष्ठ दोन गोलांच्या गुणाकाराशी डिफिओमॉर्फिक असते आणि छेद-रूप सम असते, विषम न साठी ते विषम असते, आणि एरेसमानचे प्रमेय ही भिंत ओलांडू देत नाही.

चौथी पायरी: ह० ने केलेली फसवणूक ओळखणे

वरच्या कुलात प्राचल एक होता, पण शून्याखेरीज सगळ्या मूल्यांना पृष्ठ एकच होते. म्हणजे ह१ = १ असूनही खऱ्या अर्थाने बदलणारा प्राचल एकही नाही. कॉम्पॅक्ट तंतू असलेल्या कुलात सगळे तंतू समरूप असतील तर ते कुल स्थानिक पातळीवर क्षुल्लक असते, असे फिशर आणि ग्राउएर्ट यांचे १९६५ चे प्रमेय सांगते. हि-२ चे कुल त्याच्या तावडीतून केवळ मधल्या एका तंतूमुळे सुटते.

हॉफ पृष्ठे हाच प्रकार आणखी ठळक दाखवतात. मूळबिंदू वगळलेल्या द्विमितीय संमिश्र अवकाशावर अशा सारणीची क्रिया घ्या की जिच्या कर्णावर दोन्ही जागी अ असेल, वर उजवीकडे त आणि खाली डावीकडे शून्य. अ चे मापांक ० आणि १ यांच्या दरम्यान. भागफल हे कॉम्पॅक्ट पृष्ठ असते. त शून्य नसेल तर दुसऱ्या निर्देशकाला त ने गुणून त ला १ करता येते, म्हणून ती सगळी पृष्ठे एकच. त = ० येथे सारणीशी क्रमनिरपेक्ष असणाऱ्या सारण्या चार मितींच्या, म्हणून ह० = ४; त शून्य नसताना दोन मितींच्या, म्हणून ह० = २. के-वर्ग आणि लक्षणांक शून्य, ह२ शून्य, त्यामुळे ह१ देखील ४ वरून २ वर येतो. अशा ठिकाणी समरूपता-वर्गांचे अवकाश बनवायला गेलो तर हाउसडॉर्फ गुणधर्म हातचा जातो. म्हणून नियम असा लिहून ठेवावा: जेथे ह० कुलात स्थिर आहे तेथेच कुरानिशी कुलाला (पृष्ठाची सर्व लहान विरूपणे सामावणारे कुल, पुढची पायरी पाहा) सार्वत्रिक म्हणावे, म्हणजे प्रत्येक लहान कुल त्यातून एकाच प्रकारे मिळते; नसेल तर ते केवळ अर्ध-सार्वत्रिक, म्हणजे मिळते पण एकाहून अधिक प्रकारे.

पाचवी पायरी: ह२ कडे पाहताना घाई न करणे

ह२ = ० असेल तर पहिल्या क्रमाचे प्रत्येक विरूपण खऱ्या कुलात वाढवता येते, हे कोडाइरा, निरेनबर्ग आणि स्पेन्सर यांनी १९५८ मध्येच दाखवले. ह२ शून्य नसताना काय, याचे उत्तर मासाताके कुरानिशी यांनी १९६२ मध्ये दिले: पहिल्या कोहोमोलॉजीत शून्याच्या शेजारापासून दुसऱ्या कोहोमोलॉजीत जाणारे एक होलोमॉर्फिक चित्रण असते, त्याचे शून्य-संच म्हणजे सर्व लहान विरूपणांचा पाया, आणि त्या चित्रणाची सुरुवात वर्ग-पदांपासून होते. ते वर्ग-पद म्हणजे कोहोमोलॉजी-वर्गाचा स्वतःशी केलेला ली-कंस (सदिश क्षेत्रांचा क्रमविनिमेयक). यावरून पायाची मिती किमान ह१ − ह२ आणि कमाल ह१ असते. सामान्य प्रकारच्या पृष्ठांवर ह० = ० असल्याने ही किमान मर्यादा १० × लक्षणांक − २ × के-वर्ग होते.

येथे माझा आग्रह आहे की ‘ह२ शून्य नाही, म्हणून अडथळा आहे’ असे कधीही लिहू नये. टोरसवर ह२ = २ आहे, पण सदिश क्षेत्रांचे सहगुणक स्थिरांक घेता येत असल्याने कंस शून्य होतो आणि चारही दिशा मोकळ्या राहतात; त्या दिशा म्हणजे टोरसची जाळी ठरवणाऱ्या आवर्त-सारणीच्या (पीरियड मॅट्रिक्सच्या) चार नोंदी. खोट्या प्रक्षेपीय प्रतलांवर (बेट्टी आकडे प्रक्षेपीय प्रतलाचेच, पण स्वतः ते प्रतल नसलेली पृष्ठे), ज्यांचे पहिले उदाहरण डेव्हिड ममफर्ड यांनी १९७९ मध्ये दिले, के-वर्ग ९ आणि लक्षणांक १ असल्याने ह२ − ह१ = ८ येते. ती संमिश्र चेंडूची भागफले असल्याने कालाबी आणि वेसेन्तिनी यांच्या प्रमेयानुसार ह१ = ०, म्हणून ह२ = ८. अडथळ्यांना भरपूर जागा आहे, पण अडवायला काहीच नाही.

खरा अडथळा पाहायचा असेल तर ऐजी होरिकावा यांच्या १९७५ च्या कामाकडे वळावे. प्रक्षेपीय त्रिमितीय अवकाशातील पाचव्या कोटीच्या सुरळीत पृष्ठासाठी के-वर्ग ५ आणि लक्षणांक ५, म्हणून ह१ − ह२ = ४०. सुरळीत पंचघाती पृष्ठांवर ह२ = ० आहे आणि ह१ = ४०. पण तेच आकडे असलेली, त्रिमितीय अवकाशात पंचघाती म्हणून न बसणारी पृष्ठेही असतात. होरिकावांनी दाखवले की या सर्वांच्या समरूपता-वर्गांच्या अवकाशाला ४० मितींचे दोन घटक आहेत आणि ते ३९ मितींच्या संचात एकमेकांना छेदतात. त्या छेदावरच्या पृष्ठावर ह१ = ४१ आणि ह२ = १ होतात: फरक तोच ४०, पण पाया सुरळीत नाही, तर दोन घटकांचा संयोग आहे. केवळ ह१ पाहणारा माणूस येथे ४१ प्राचल सांगेल आणि चुकेल.

सहावी पायरी: समीकरणांवरून पडताळा

पृष्ठ समीकरणाने दिलेले असेल तर सहगुणक मोजून पडताळा घ्यावा. चार चलांतील पंचघाती समघाती बहुपदीला ५६ सहगुणक असतात. व्यस्त काढता येणाऱ्या चार-बाय-चार सारण्यांचे १६ वजा केले की ४० उरतात, आणि हे ह१ शी जुळते. चतुर्घाती पृष्ठासाठी मात्र ३५ − १६ = १९ येतात, तर के-३ चा ह१ = २०. ही चूक नव्हे. विसावी दिशा समीकरणाबाहेर नेते: त्या दिशेने सरकल्यावर छेद-प्रतलाचा वर्ग होलोमॉर्फिक रेषा-बंडलाचा वर्ग राहत नाही आणि सर्वसाधारण तंतू प्रक्षेपीय अवकाशात बसवता येत नाही. सगळी के-३ पृष्ठे एकमेकांची विरूपणे आहेत, हे कोडाइरांनी १९६४ मध्ये सिद्ध केले. त्यासाठी बीजगणिताच्या बाहेर जाणे भागच होते. पडताळ्यात आकडे जुळले नाहीत तर आधी विचारावे की समीकरणांचे कुल पूर्ण आहे का, आणि मगच हिशेबात चूक शोधावी.

सातवी पायरी: लहान विरूपणांपलीकडे

आतापर्यंतचे सर्व एका पृष्ठाच्या शेजारापुरते होते. दोन पृष्ठे कुलांच्या साखळीने जोडता येतात का, हा प्रश्न वेगळा. ‘नाही’ असे उत्तर द्यायचे असेल तर आधी के-वर्ग आणि ऑयलर आकडा तपासावा, मग छेद-रूपाची सम-विषमता, मग मूलभूत गट, आणि त्यानंतर बहु-प्रजाती व कोडाइरा मिती (बहु-प्रजातींच्या वाढीचा वेग), ज्या पृष्ठांच्या कुलात स्थिर राहतात. हे सगळे सारखे निघाले तरी ‘हो’ असे लिहिता येत नाही. सामान्य प्रकारची दोन पृष्ठे डिफिओमॉर्फिक असूनही एकमेकांची विरूपणे नसतात अशी उदाहरणे मार्को मानेत्ती यांनी २००१ मध्ये दिली, आणि फाब्रित्सिओ कातानेझे व ब्रोनिस्लाव वाय्नरिब यांनी २००७ मध्ये एकसंबद्ध पृष्ठांतही तसेच घडते हे दाखवले. त्यामुळे प्रबंधात किंवा मुलाखतीत ‘हो’ म्हणायचे असेल तर जोडणारे कुल प्रत्यक्ष लिहून दाखवावे, तिसऱ्या पायरीतील हि-२ च्या कुलासारखे, जोडणी-सूत्रासकट.